खाजगी सुरक्षा एजन्सीचा परवाना, आयएसओ आणि दर्जा: मराठवाड्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाळूज-शेंद्र्यातले एचआरवाले, जालन्याच्या स्टील मिलचे व्यवस्थापक, लातूरचे क्लासवाले, पतसंस्थांचे मॅनेजर, सोसायट्यांचे सचिव आणि स्वतः एजन्सी काढू पाहणारे माजी सैनिक. आमच्याकडे येणारे लोक साधारण हेच. आमचे काम कंत्राटदारांची कागदपत्रे तपासून देण्याचे. प्रश्न फिरून फिरून तेच येतात, म्हणून उत्तरे एका जागी लिहून ठेवली आहेत. सगळे वाचायला वेळ नसेल तर दराचा आणि प्रशिक्षणाचा प्रश्न तेवढा वाचा.

एजन्सीने प्रमाणपत्रांची जाडजूड फाइल दिली आहे. सुरुवात कुठून करायची?

परवान्यापासून. 'खाजगी सुरक्षा अभिकरणे (विनियमन) अधिनियम, २००५' या केंद्रीय कायद्याखालचा परवाना, ज्याला सगळे कायद्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून 'पसारा लायसन्स' म्हणतात, तो नसेल तर फाइलचे पुढचे पान उलटायची गरज नाही. परवान्याशिवाय हा धंदा करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद, २५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद कायद्यात आहे.

आयएसओ, संघटनांचे सभासदत्व, पुरस्कार हे सगळे ऐच्छिक आहे. फायलीत मात्र उलटा प्रकार दिसतो. आयएसओचे प्रमाणपत्र रंगीत, सोनेरी किनारीचे, पहिल्या पानावर. परवान्याची झेरॉक्स तळाशी, तारीखही वाचता येणार नाही इतकी फिकट. अशा वेळी मूळ परवाना दाखवा म्हणायचे, संकोच करायचा नाही. तो एजन्सीच्या कार्यालयात दर्शनी भागात लावलेला असलाच पाहिजे, हेही कायद्यातच आहे.

परवान्यावर नेमके काय वाचायचे?

नाव, मुदत आणि क्षेत्र.

नाव करारावरच्या नावाशी जुळते का? कित्येकदा परवाना एका प्रोप्रायटरशिपच्या नावाने असतो आणि कोटेशन मेहुण्याच्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचे येते. परवाना असा उसना देता येत नाही. मुदत पाच वर्षांची असते.

क्षेत्राकडे मात्र कुणाचे लक्ष जात नाही. परवाना एका जिल्ह्यासाठी, पाच जिल्ह्यांपर्यंत किंवा अख्ख्या राज्यासाठी मिळतो. कायद्यातले शुल्क अनुक्रमे ५,०००, १०,००० आणि २५,००० रुपये. आता आपल्या भागाचा हिशोब करा. मराठवाड्यात जिल्हे आठ. म्हणजे 'संपूर्ण मराठवाड्यात सेवा' अशी पाटी लावणाऱ्याकडे राज्याचा परवाना हवा, पाच जिल्ह्यांचा पुरत नाही. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, परभणी आणि लातूर असा परवाना घेतलेल्या एजन्सीने हिंगोलीच्या गोदामावर गार्ड उभा केला, तर तो गार्ड तिथे विनापरवाना उभा आहे.

एजन्सी हैदराबादची आहे, तेलंगणाचा परवाना आहे. नांदेडला चालेल का?

नाही. परवाना राज्यागणिक असतो. देगलूर, उदगीर पट्ट्यात हा प्रश्न हटकून निघतो, कारण बिदर-हैदराबादच्या एजन्सी तिथे दर देतात. त्यांनी जरूर काम करावे, पण महाराष्ट्राचा परवाना काढून.

'रिन्युअल प्रोसेसमध्ये आहे' असे उत्तर मिळते. मान्य करावे का?

अर्जाची पोच मागा आणि तिच्यावरची तारीख बघा. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या किमान ४५ दिवस आधी करायचा असतो. मुदत संपल्यावर दोन महिन्यांनी केलेल्या अर्जाची पोच दाखवून 'प्रोसेस' म्हणत असतील, तर तो शब्द त्यांनी तुम्हाला माहिती नसेल या भरवशावर वापरला आहे.

आमच्या सोसायटीने गावाकडचा एक माणूस थेट वॉचमन म्हणून ठेवलाय. त्यालाही परवाना लागतो का?

नाही. २००५ चा कायदा गार्ड पुरवण्याचा धंदा करणाऱ्यांना लागू होतो. तुम्ही स्वतः नोकरीवर ठेवलेला माणूस तुमचा कर्मचारी. पोलीस चारित्र्य पडताळणी मात्र करून घ्या, आणि त्याला साप्ताहिक सुट्टी द्या. पार्किंगमधली खोली राहायला दिली म्हणून तो चोवीस तासांचा होत नाही.

सुरक्षा रक्षक मंडळ आणि एजन्सी, यात फरक काय?

हा खास महाराष्ट्राचा मामला आहे. राज्याचा १९८१ चा खाजगी सुरक्षा रक्षक (नोकरीचे नियमन व कल्याण) कायदा केंद्राच्या कायद्यापेक्षा पुष्कळ जुना. कारखान्यात किंवा आस्थापनेत काम करणारे पण तिथले थेट, कायम कर्मचारी नसलेले गार्ड त्याच्या कक्षेत येतात. या कायद्याखाली सुरक्षा रक्षक मंडळे आहेत. मालकाने मंडळाकडे नोंदणी करायची, मंडळ नोंदीत गार्ड देते. पगार आणि त्यावरची लेव्ही (ठरावीक टक्क्यांची जादा रक्कम) मंडळात भरायची, गार्डचा पगार मंडळातून होतो. भविष्य निर्वाह निधी, बोनस, रजा, ग्रॅच्युइटी यांची सोय लेव्हीतून होते.

मग खाजगी एजन्सी कशा चालतात? कायद्याच्या कलम २३ खाली शासन सूट देऊ शकते. एजन्सी देत असलेले लाभ मंडळाच्या लाभांपेक्षा कमी नसावेत, ही त्यातली मुख्य अट. म्हणून महाराष्ट्रात एजन्सीकडे पसारा परवान्याबरोबर या सवलतीचा कागदही मागा. पुण्या-मुंबईच्या कंपन्या तो मागतात, आपल्याकडे त्याचे नावही अनेकांनी ऐकलेले नसते. जुन्या एजन्सीवाल्यांना मात्र तुम्ही काय मागताय ते बरोबर कळते.

याशिवाय सरकारी पर्यायही आहे. २०१० च्या कायद्याने स्थापन झालेले महाराष्ट्र राज्य सुरक्षा महामंडळ. मोठ्या संस्थांना, सार्वजनिक रुग्णालयांना, देवस्थानांना तिथून जवान मिळतात. दर खाजगीपेक्षा जास्त पडतो. गर्दी आणि हाणामारीची शक्यता जिथे रोजची आहे तिथे तो देण्यासारखा आहे, असे आमचे मत.

आयएसओ ९००१ म्हणजे गार्ड चांगले असण्याची हमी ना?

नाही. आयएसओ ९००१:२०१५ हे गुणवत्ता व्यवस्थापन पद्धतीचे मानक आहे. एजन्सीचे काम लिहून ठेवलेल्या पद्धतीने चालते का, तक्रार आली तर तिची नोंद होते का, कारण शोधले जाते का, सुधारणा होते का, हे लेखापरीक्षक तपासतो. तुमच्या गेटवर रात्री कोण येणार आहे, हे त्याने पाहिलेले नसते.

तरी ते निरुपयोगी नाही. खरे आयएसओ असलेल्या एजन्सीकडे तक्रारींची वही असते, गार्डनिहाय प्रशिक्षणाची नोंद असते, अंतर्गत ऑडिटचे अहवाल असतात. मागा म्हणजे कळेल. 'गेल्या वर्षीचा अंतर्गत ऑडिटचा अहवाल आणि आमच्यासारख्या एका ग्राहकाच्या तक्रारीवर तुम्ही काय केले त्याची नोंद दाखवा', एवढे एक वाक्य पुरे. अहवाल आणि नोंद निघाली तर प्रमाणपत्र कमावलेले आहे. साहेब चहा मागवून विषय बदलू लागले तर ते विकत आणलेले आहे.

आयएसओ प्रमाणपत्र बोगस आहे हे घरबसल्या कसे ओळखायचे?

पहिली गोष्ट, आयएसओ ही जिनिव्हाची संस्था मानके तयार करते, प्रमाणपत्रे देत नाही. ती स्वतंत्र प्रमाणन संस्था देतात. त्या प्रमाणन संस्थांना कुणीतरी मान्यता दिलेली असावी लागते. भारतात हे काम भारतीय गुणवत्ता परिषदेखालचे एनएबीसीबी हे मंडळ करते, परदेशात अशीच इतर मंडळे आहेत.

प्रमाणपत्रावर प्रमाणन संस्थेच्या चिन्हाशेजारी मान्यता मंडळाचे चिन्ह आहे का, ते बघा. नुसते आयएसओचे बोधचिन्ह छापले असेल तर संशय घ्या, कारण आयएसओ आपले बोधचिन्ह प्रमाणपत्रांवर वापरू देत नाही. मग आयएएफ सर्टसर्च या संकेतस्थळावर कंपनीचे नाव किंवा प्रमाणपत्र क्रमांक टाका. एनएबीसीबीच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त संस्थांची यादी आहे, तिथेही पडताळा. शेवटी प्रमाणपत्रावरची व्याप्तीची ओळ वाचा. 'हाउसकीपिंग सेवा' अशी व्याप्ती असलेले प्रमाणपत्र सुरक्षा सेवेच्या निविदेला जोडलेले आढळते. पत्ताही वाचा. पुण्याच्या मुख्य कार्यालयाला मिळालेले प्रमाणपत्र नांदेडच्या शाखेला आपोआप लागू होत नाही.

प्रमाणपत्राची मुदत साधारण तीन वर्षे आणि दरम्यान दरवर्षी देखरेख ऑडिट. पहिल्या वर्षानंतरच्या ऑडिटचे पत्र नसेल तर प्रमाणपत्र कागदावर जिवंत आणि प्रत्यक्षात गेलेले असू शकते. 'आठ दिवसांत आयएसओ' या जाहिराती कुणासाठी असतात ते आता वेगळे सांगायला नको.

आयएसओ १८७८८ आमच्याकडे कुणी मागत नाही. घ्यावे का?

१८७८८ हे २०१५ साली आलेले, खास खाजगी सुरक्षा कामकाजासाठीचे मानक. त्यामागची पार्श्वभूमी संघर्षग्रस्त प्रदेशांची आहे. जिथे कायद्याचे राज्य दुबळे आहे तिथे हत्यारबंद खाजगी कंपन्यांनी मानवी हक्क सांभाळून काम कसे करावे, यावर २००८ चा माँत्रो दस्तऐवज आणि २०१० ची आंतरराष्ट्रीय आचारसंहिता आली. त्या आचारसंहितेची संघटना २०१३ पासून जिनिव्हातून चालते. १८७८८ त्याच कुळातले आहे.

बीड बायपासच्या गृहसंकुलाला गार्ड देणाऱ्या एजन्सीला त्याची काडीची गरज नाही. परदेशी कंपन्यांची मोठी कंत्राटे डोळ्यापुढे असतील तरच त्या वाटेला जा. मात्र बळाचा वापर कधी, किती, आणि घटनेची नोंद कशी, हा त्यातला भाग कुणीही वाचून आपल्या नियमावलीत घ्यावा.

त्यापेक्षा आयएसओ ४५००१, म्हणजे कामाच्या जागची सुरक्षा व आरोग्य, आपल्याकडे जास्त उपयोगी. जालन्याच्या री-रोलिंग मिलमध्ये एप्रिल-मे महिन्यात वजनकाट्यावर उभ्या असलेल्या गार्डला सावली, पाणी, सेफ्टी शूज आहेत का, ट्रक मागे घेताना तो कुठे उभा राहतो, याचा विचार करायला हे मानक भाग पाडते. सीसीटीव्ही नियंत्रण कक्ष चालवत असाल तर २७००१, ते माहितीच्या सुरक्षेचे.

परदेशी ग्राहक 'बीएस ७८५८' मागतोय. हे काय नवीन?

ते ब्रिटिश मानक आहे, सुरक्षेच्या कामावर घेण्याआधी माणसाची पार्श्वभूमी कशी तपासायची याचे. तसेच बीएस ७४९९ हे जागेवरच्या पहाऱ्याचे. ब्रिटनमध्ये २००१ च्या कायद्याने आलेले सुरक्षा उद्योग प्राधिकरण, एसआयए, गार्डला व्यक्तिशः परवाना देते आणि कंपन्यांसाठी वेगळी ऐच्छिक मान्यता योजना चालवते. आपल्याकडे उलट: परवाना एजन्सीला, आणि गार्डची जबाबदारी एजन्सीवर. शेंद्र्यातल्या ग्राहकाने ७८५८ मागितले तर त्याला बहुधा एवढेच हवे असते की मागच्या नोकऱ्यांची साखळी, पत्त्याचा पुरावा आणि पोलीस पडताळणी यांची फाइल प्रत्येक गार्डमागे असावी. ती तयार करा, आणि फाइल दाखवून बोला.

गार्डचे प्रशिक्षण खरे झाले आहे का, हे कसे तपासायचे?

इथे कॅल्क्युलेटरची गरज नाही, कॅलेंडर पुरे.

नियमांप्रमाणे नव्या गार्डला किमान १०० तास वर्गातले आणि ६० तास प्रत्यक्ष मैदानावरचे प्रशिक्षण, किमान २० कामाच्या दिवसांत. म्हणजे रोज आठ तास धरले तरी जवळपास पूर्ण महिना. माजी सैनिक आणि माजी पोलिसांना सवलत आहे: ४० तास वर्ग, १६ तास मैदान, किमान ७ कामाचे दिवस.

आता प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आणि पीएफमधली रुजू झाल्याची तारीख शेजारी ठेवा. प्रशिक्षण १ ते ५ तारखेचे आणि ड्यूटी ६ पासून, असे दिसले तर १६० तास पाच दिवसांत बसवलेत. म्हणजे रोज ३२ तास! एकाच बॅचच्या चाळीस प्रमाणपत्रांवर एकच तारीख आणि त्याच दिवशी तेच चाळीस जण दुसऱ्या साइटच्या हजेरीवर, हेही सापडते. हजेरीपत्रक हातात घेऊन नीट बघा. महिनाभराच्या सह्या एकाच पेनाने, एकाच दाबाने, एका बैठकीत केलेल्या असतील तर ते कळते. रोजच्या सहीत एक दिवस शाई बदलते, एक दिवस घाई असते, पावसाच्या दिवशी कागदाला ओल लागलेली असते.

अभ्यासक्रमात काय असते तेही माहीत असू द्या: आग विझवणे, प्रथमोपचार, गर्दीचे नियंत्रण, ओळखपत्रे तपासणे, स्फोटकसदृश वस्तू ओळखणे, एफआयआरची प्रक्रिया, स्वसंरक्षणाचा हक्क, पोलीस आणि लष्करातली पदचिन्हे ओळखणे. यातली एक गोष्ट गेटवरच विचारा. भिंतीवरच्या अग्निशामक नळकांड्याकडे बोट दाखवून 'हे कसे चालवायचे?' म्हणा. शिकलेला गार्ड आधी दाबाच्या काट्याकडे बघतो, मग पिनेला हात घालतो. न शिकलेला 'साहेब, सुपरवायझरला बोलावतो' म्हणतो. तो सुपरवायझर किती लांब आहे, हा पुढचा प्रश्न. नियम सांगतो, १५ गार्डमागे किमान एक सुपरवायझर, आणि साइट विखुरलेल्या असतील तर सहा गार्डमागे एक.

केंद्राच्या कौशल्य चौकटीत एमईपीएससी या क्षेत्र कौशल्य परिषदेचे 'निःशस्त्र सुरक्षा रक्षक' हे अर्हता प्रमाणपत्र आहे. ते असेल तर उत्तम, पण तारखांची ताळमेळ तिथेही लावाच.

वय, उंचीच्या अटी काय?

वय १८ ते ६५. नमुना नियमांत पुरुषांसाठी उंची १६० सेंटिमीटर, महिलांसाठी १५०. पुरुषांची छाती ८० सेंटिमीटर आणि फुगवून ४ सेंटिमीटर जास्त. रंगांधळेपणा नसावा आणि सहा मिनिटांत एक किलोमीटर धावता यावे. वर्षातून एकदा आरोग्य तपासणी. ही सहा मिनिटांची अट सर्रास धाब्यावर बसवली जाते, आणि त्याला कारण ग्राहकच आहेत. तुम्ही दिलेल्या दरात निवृत्तीनंतर घरी बसवत नाही म्हणून आलेले काकाच मिळतात.

एक एजन्सी दुसरीपेक्षा बरीच स्वस्त आहे, दोघींकडे आयएसओ आहे. स्वस्त घ्यायला हरकत काय?

आकडे मांडू. गार्डचे किमान वेतन १०० रुपये धरा. त्यावर मालकाचा पीएफ, विमा व प्रशासकीय शुल्कासह १३ रुपये. ईएसआयसी, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, ३.२५. बोनस ८.३३. ग्रॅच्युइटीची तरतूद ४.८१. बेरीज १२९ रुपये ३९ पैसे. गार्डला आठवड्याला एक सुट्टी, त्या दिवशी बदली माणूस म्हणजे रिलीव्हर लागतो, म्हणजे अजून सहावा हिस्सा. १५१ च्या घरात गेलो. अजून गणवेश, घरभाडे भत्ता, सुपरवायझरचा पगार, एजन्सीचे सेवा शुल्क आणि जीएसटी यायचेच आहे.

आणि स्वस्त एजन्सीने तुम्हाला सगळे धरून १२५ ला दिले आहे. हे पैसे कुठून तरी येणार. साधारणपणे ते येतात गार्डच्या सुट्टीतून आणि झोपेतून. चोवीस तासांच्या एका पॉइंटला, म्हणजे पहाऱ्याच्या जागेला, आठवड्यात आठ-आठ तासांच्या २१ पाळ्या. एक माणूस सहा पाळ्या करतो. म्हणजे साडेतीन माणसे. दोन पॉइंट असतील तर सात, वर रजेसाठी एखादा. तुमच्या एका पॉइंटच्या हजेरीवर दोनच नावे असतील, तर ते दोघे रोज बारा तास आणि बिनसुट्टीचे आहेत. जादा कामाचा मोबदला दुपटीने द्यायचा असतो. तो दिला जातोय का, हे विचारून बघा.

गणवेशाचीही तीच गत. दरपत्रकात गणवेशाचे पैसे तुम्ही देता आणि गार्डच्या पहिल्या पगारातून तेच पैसे कापले जातात. एका शर्टाचे दोन बिल.

आमच्या लेखी सुरक्षा सेवेचा दर्जा मोजण्याची सगळ्यात खात्रीची जागा पगारपत्रक आहे. भिंतीवरची प्रमाणपत्रे त्यानंतर.

पण आमच्याकडे एल-वनच, म्हणजे सर्वात कमी दर देणाराच, घ्यावा लागतो. मग काय करावे?

निविदेतच दराचे तुकडे करा. वेतन व वैधानिक देणी स्थिर ठेवा, ती सगळ्यांना सारखीच, आणि स्पर्धा फक्त सेवा शुल्कावर ठेवा. सेवा शुल्क शून्य किंवा एक पैसा टाकणाऱ्याला स्पष्टीकरण मागा. धंदा करणारा माणूस फुकट राबत नाही. महाराष्ट्रात किमान वेतनावरचा विशेष भत्ता वर्षातून दोनदा बदलतो, तेव्हा भत्तावाढ आपोआप देण्याची अट घाला. नाहीतर पहिल्या सहा महिन्यांनंतर करार कायदेशीर राहतच नाही.

एजन्सीने गार्डचा पगार थकवला, तर आमचा काय संबंध?

आहे. कंत्राटदाराने पगार दिला नाही तर मूळ मालकाने द्यायचा आणि कंत्राटदाराकडून वसूल करायचा. जुन्या कंत्राटी कामगार कायद्यात ही जबाबदारी होती, नव्या श्रम संहितेतही आहे. म्हणून दर महिन्याच्या बिलाबरोबर मागच्या महिन्याची पीएफची ईसीआर (कोणत्या कामगाराचे किती भरले याचे विवरणपत्र), ईएसआयसीचे चलन आणि बँकेतून पगार जमा झाल्याची यादी घ्या. ईसीआरमध्ये तुमच्या गेटवरच्या गार्डचे नाव आहे का ते शोधा. चलनाची रक्कम बरोबर असते, नावे भलत्यांची असतात.

एजन्सीवाला म्हणतो, जीएसटी तुम्हीच भरा. खरे आहे का?

एजन्सी प्रोप्रायटर किंवा भागीदारी असेल, म्हणजे कंपनीसारखी निगमित नसेल, आणि तुम्ही जीएसटी नोंदणीकृत असाल, तर खरे आहे. गार्ड पुरवण्याच्या सेवेवर १ जानेवारी २०१९ पासून उलट आकारणी आहे, म्हणजे कर सेवा घेणाऱ्याने भरायचा. पुढचे तुमच्या सीएंना विचारा.

पतसंस्थेसाठी बंदूकधारी गार्ड हवा. एजन्सीचा परवाना पुरतो ना?

पुरत नाही. पसारा परवाना हा हत्यार बाळगण्याचा परवाना नव्हे. शस्त्र परवाना शस्त्र कायद्याखाली वेगळा. तो कुणाच्या नावाने आहे, कोणत्या क्षेत्रासाठी वैध आहे, त्यावर नोंदलेले हत्यार आणि खांद्यावरचे हत्यार एकच आहे का, हे तपासा आणि स्थानिक पोलीस ठाण्याला कळवून ठेवा. डबल बॅरल बघून ग्राहकाला बरे वाटते, पण ती शेवटची कधी साफ केली हे विचारल्यावर गार्डच हसतो.

रोख रक्कम वाहून न्यायची असेल तर २०१८ चे केंद्राचे वेगळे नियम आहेत. गाडीत चालक, दोन सशस्त्र गार्ड आणि दोन कॅश सांभाळणारे. एका फेरीत पाच कोटींपेक्षा जास्त नाही. शहरात रात्री ९ नंतर आणि ग्रामीण भागात संध्याकाळी ६ नंतर एटीएममध्ये रोकड भरायची नाही. गाडीला जीपीएस हवे. तालुक्याच्या शाखेतून मॅनेजरच्या मोटारसायकलवर पिशवीतून नेल्या जाणाऱ्या रोकडीविषयी आम्ही इथे काही लिहीत नाही.

गार्डला खाकी गणवेश दिला तर दरारा राहतो. चालेल?

पोलीस किंवा सैन्यासारखा दिसणारा गणवेश घातला तर गार्ड आणि एजन्सीचा मालक दोघेही अडकतात: एक वर्षापर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. बाऊन्सरच्या काळ्या टी-शर्टलाही कायदा लागूच आहे. पैसे घेऊन माणसाचे किंवा मालमत्तेचे रक्षण करायला माणसे पुरवणे म्हणजे खाजगी सुरक्षाच, मग ते मंगल कार्यालयात असो की पुढाऱ्याच्या गाडीमागे.

चोर सापडला तर गार्ड त्याला बांधून ठेवू शकतो का?

गार्डला सामान्य नागरिकापेक्षा जास्त अधिकार नाहीत. डोळ्यांदेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा घडला तर कोणीही नागरिक त्या माणसाला पकडू शकतो, पण विनाविलंब, उशिरात उशिरा सहा तासांच्या आत, पोलिसांच्या हवाली करायचा. मारहाण, खोलीत कोंडणे, व्हिडिओ काढून व्हॉट्सॲपवर टाकणे यातले काहीही बसत नाही. असे झाले की गार्ड आरोपी होतो आणि एजन्सीचे आयएसओ त्याच्या कामी येत नाही.

मी निवृत्त सुभेदार आहे, परभणीला एजन्सी काढतोय. आयएसओ आधी की परवाना?

परवाना, मग पीएफ-ईएसआयसी नोंदणी, मग प्रशिक्षणाची सोय. आयएसओ दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, गार्डची संख्या वाढून काम तोंडी सांगून भागेनासे झाले की. माजी सैनिकांच्या एजन्सींसाठी संरक्षण मंत्रालयाच्या डीजीआरकडे, म्हणजे पुनर्वसन महासंचालनालयाकडे, सूचीबद्ध होता येते आणि सार्वजनिक उपक्रमांची कामे त्या मार्गाने मिळतात. त्याच्या अटी आधी नीट वाचा. स्वतःचा धंदा नको, नुसती नोकरी हवी असेल तर महाराष्ट्र माजी सैनिक महामंडळ, मेस्को, हा रस्ता सरळ.

अर्ज केंद्राच्या पसारा पोर्टलवरून ऑनलाइन होतो. पहिल्या दिवसापासून एक नोंदवही ठेवा: व्यवस्थापकांची नावे-पत्ते, प्रत्येक गार्डचा फोटो, पत्ता, पगार, आणि प्रत्येक ग्राहकाचे नाव-पत्ता. ती कायद्याने लागते, आणि तपासणीला अधिकारी आले की पहिल्यांदा तीच मागतात.

मी गार्ड आहे. एजन्सी पीएफ कापते, पण भरते का हे कसे कळणार?

उमंग ॲपवर यूएएन (तुमचा पीएफचा कायम क्रमांक) टाकून पासबुक बघा. नोंदीत तुमचा आणि मालकाचा, दोन्ही हिस्से दिसायला हवेत. यूएएनच दिला नसेल तर लेखी मागा. ईएसआयसीसाठी विमा क्रमांक मागा, घरच्यांची नावे त्यात घाला. एजन्सीने तुम्हाला फोटोचे ओळखपत्र द्यायला हवे, आणि ड्यूटीवर ते जवळ असायला हवे. पगार रोखीत देऊन सही बँकेच्या कागदावर घेत असतील तर ती करू नका.

तक्रार कुठे करायची?

विनापरवाना किंवा परवान्याच्या अटी मोडणारी एजन्सी असेल तर परवाना देणारा नियंत्रक प्राधिकारी आणि तुमच्या जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक किंवा शहरात पोलीस आयुक्त कार्यालय. वेतनासाठी कामगार आयुक्तांचे जिल्ह्यातले कार्यालय. पीएफसाठी ईपीएफओची ऑनलाइन तक्रार, ती खरोखर चालते. बोगस आयएसओसाठी प्रमाणपत्रावर नाव असलेली प्रमाणन संस्था आणि तिला मान्यता देणारे मंडळ. तक्रारीला परवान्याची प्रत, दोन महिन्यांचे हजेरीपत्रक आणि ईसीआर जोडा. नुसत्या 'गार्ड झोपतात' या अर्जावर कुणी काही करत नाही.